घेऊ की नको? महागडा कंट्रोलर

दोस्तांनो, घरातला साधा कंट्रोलर छान चालतोय, तरी मागच्या बटणांचा तो भारीवालाच हवा, असा हट्ट धरलाय ना? मग आई-बाबांनाही बोलवा. हिशेबच मांडू या!

सोनीचा ‘ड्युअलसेन्स एज’ जानेवारी २०२३मध्ये आला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत होती २०० डॉलर. साधा ‘ड्युअलसेन्स’ मिळायचा ७० डॉलरला. म्हणजे जवळजवळ तिप्पट! मग जादा काय मिळतं? पाठीमागे दोन बटणं. त्यामुळे अंगठा स्टिकवरून न उचलता उडी मारता येते. शिवाय ट्रिगर किती दाबायचा, तेही ठरवता येतं. नेमबाजीच्या वेगवान खेळात याचा खरंच उपयोग होतो.

आता गंमत ऐका. महागड्याची बॅटरी साध्यापेक्षा लहान! आणि स्टिकच्या आतला घासणारा भाग दोघांतही झिजतो. मग हात न लावताही पडद्यावरचा खेळाडू आपोआप सरकू लागतो. याला म्हणतात ‘ड्रिफ्ट’. एजमध्ये तो अख्खा भाग काढून नवा बसवता येतो, हे चांगलं. पण नवा भाग पुन्हा विकतच, बरं का!

तर असं करा. आठवडाभर वही घेऊन खेळा. अंगठा उचलावा लागला म्हणून डाव गेला, की एक रेघ ओढा. रेघा भरपूर झाल्या, तर वही आई-बाबांपुढे ठेवा आणि खुशाल मागा. वही कोरी राहिली, तर साधाच झकास! काय, पटतंय ना?