शिकणाऱ्याच्या संगतीत

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे तासभर मागे जातात आणि आम्स्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्टची दिवेलागण एकदम पाच-साडेपाचवर येऊन ठेपते. गेल्डरलँडप्लेनमधून भाजी-किराणा घेऊन माणसे लगबगीने घरी परततात, आम्स्टलपार्क ओस पडते. पुढचे चार-पाच महिने घरातच काढायचे असतात. नेमक्या याच दिवसांत आपली माणसे आम्हाला काही विचारू लागतात. मुलीला आकाशाचे वेड आहे, तिला काय दाखवू? नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आले, हाताशी वेळ आहे, चित्रकला पहिल्यापासून शिकायची आहे. डच येत नाही, क्लास परवडत नाही, सुरुवात कुठून करू? बाबा तीन महिन्यांसाठी आलेत, त्यांना रागांचे शास्त्र समजून घ्यायचे आहे, काही सापडेल का? यंदाचा अंक या प्रश्नांभोवती बांधला आहे.

सापडेल का, याचे उत्तर सोपे आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने आपले अभ्यासक्रम सर्वांना खुले करण्याची घोषणा 2001 साली केली. आपल्या आयआयटींनी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून एनपीटेल उभे केले, आणि इथून तासाभरावरच्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठानेही 2007 पासून तीच वाट धरली. पैसा न मोजता शिकण्यासारखे इतके आहे की एका जन्मात संपणार नाही. तरीही पुष्कळांचे शिकणे तिसऱ्या-चौथ्या व्याख्यानानंतर थांबते. आम्ही याचा दोष आळसाला देत नाही. व्याख्यान म्हणजे कुणीतरी आधीच साफ करून ठेवलेला रस्ता. त्यात शिक्षकाला उत्तर ठाऊक असते, आणि घरी एकट्याने शिकणाऱ्याला सोबत हवी असते ती उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाची. म्हणून आमचे म्हणणे असे की, स्वतःच्या बळावर शिकू पाहणाऱ्याने शिकवणाऱ्यांच्या आधी शिकणारे शोधावेत. त्यांची वह्या-पत्रे, त्यांच्या चुका, त्यांनी काढलेली कच्ची चित्रे आज खुली आहेत, आणि त्यांतली कितीतरी याच देशातली आहेत.

डेल्फ्टच्या अंतोनी व्हॅन लेव्हेनहूकचा धंदा कापडाचा. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते, लॅटिन येत नव्हते. मिरी तिखट का लागते, हे त्याला जाणून घ्यायचे होते. मिऱ्याच्या कणांना टोके असतील आणि ती जिभेला टोचत असतील, असा त्याचा अंदाज. म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगातून ते पाणी पाहिले. टोके दिसली नाहीत. वळवळणारे, कल्पनेपलीकडे लहान जीव दिसले. 9 ऑक्टोबर 1676 च्या पत्रात त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले, तेही आपल्या डच भाषेत. तिथल्या विद्वानांना ते पटेना, तेव्हा त्याने गावातल्या प्रतिष्ठितांच्या साक्षी पाठवल्या. ही पत्रे डीबीएनएल या डच साहित्याच्या डिजिटल ग्रंथालयात इंग्रजी भाषांतरासह कुणालाही वाचता येतात. एका चुकीच्या अंदाजातून जीवाणूंपर्यंत पोचलेला माणूस त्यांत पानोपानी भेटतो. दहावी-बारावीतल्या मुलांना जीवशास्त्राच्या पुस्तकाबरोबर यातली दोन पत्रे जरूर वाचायला द्या.

चित्रकला शिकू पाहणाऱ्यांसाठीही आमच्याकडे पत्रेच आहेत. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून 902 पत्रे 2009 पासून टिपांसह, रेखाटनांसह, इंग्रजी भाषांतरासह खुली आहेत. 1880 साली, सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकार व्हायचे ठरवले तेव्हा तो कुठल्याही चित्रशाळेत नव्हता. बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या मुलखात शार्ल बार्गच्या चित्रपाठांवरून तो पुन्हा पुन्हा हात बसवत होता. 1882 मध्ये हेगला असताना त्याने एक चौकट करवून घेतली, दोऱ्या ताणलेली. तिच्यातून पाहिले की जवळच्या-दूरच्या वस्तूंचे प्रमाण नेमके पकडता येते. भावाला त्या चौकटीचे चित्रही काढून पाठवले. ती घरी करता येते: चार पट्ट्या, सुतळी आणि खिडकी. आणि 1890 मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, त्याने बार्गचे तेच पाठ पुन्हा गिरवण्यासाठी मागवले. ही एक गोष्ट ज्याला कळली, त्याला पहिल्या महिन्यात चित्र बिघडल्याचे वाईट वाटणार नाही.

त्याच्या जोडीला राइक्सम्युझियम आहेच. या संग्रहालयाने लाखो कलाकृतींच्या प्रतिमा मोफत उतरवून घ्यायला ठेवल्या आहेत. रेम्ब्रांच्या 1642 मधल्या ‘नाइट वॉच’ची 2022 साली दिलेली प्रतिमा तर 717 अब्ज पिक्सेलची आहे, दोन बिंदूंमधले अंतर फक्त 5 मायक्रोमीटर. रंगाचा थर कुठे तडकला आणि कुंचला कुठे उचलला हे दिवाणखान्यात बसून पाहता येते. संग्रहालयात दोरीच्या अलीकडे उभे राहून ते दिसत नाही.

आता आमच्या सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट. 1678 ते 1693 या काळात याच आम्स्टरडॅम शहरात ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ छापला गेला. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन रीड याने मलबारातल्या सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती त्यात गोळा केली. ती त्याला दिली कुणी? इट्टी अच्युतन या केरळी वैद्याने, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांनी. पहिल्या खंडाच्या आरंभी या तिघांचे 1675 मधले प्रमाणपत्र आहे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत. पुढच्या चित्रपानांवर वनस्पतींची नावे रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अक्षरांत कोरलेली आहेत. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी आम्स्टरडॅमच्या छापखान्यातून आपली अक्षरे बाहेर पडली होती! ग्रंथाचे खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या खुल्या ग्रंथालयात पानन्‌पान पाहता येतात.

या ग्रंथात शिकण्याची सगळी उठाठेव उघडी दिसते. वैद्याने मल्याळीत सांगायचे, दुभाष्याने पोर्तुगीजमध्ये आणायचे, तिथून डच, डचमधून लॅटिन. फांदी ताजी असेतो चित्रकाराने ती उतरवायची. कोकणी पंडितांनी निघंटू उघडून औषधी गुण पडताळायचे. एकालाही सगळे ठाऊक नव्हते. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना देवनागरी ही फक्त आजीची किंवा शनिवार-रविवारच्या मराठी वर्गाची लिपी वाटते. त्यांना ही चित्रपाने उघडून द्यावीत आणि त्यांवरची अक्षरे वाचायला सांगावीत. मग तेच झाड ओळखून त्याचे मराठी नाव, आजचे शास्त्रीय नाव, त्याचा उपयोग त्यांनी शोधावा. वनस्पतिशास्त्र, इतिहास, चित्रकला आणि लिपी, सगळे एका पानावर आहे. एवढे एकत्र देणारा अभ्यासक्रम आम्हाला दुसरा माहीत नाही.

आकाशाचे वेड असलेल्या मुलीसाठी हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेचे उदाहरण आहे. 2007 मध्ये ‘गॅलक्सी झू’ हा उपक्रम सुरू झाला. दुर्बिणीने टिपलेल्या आकाशगंगांच्या छायाचित्रांचे वर्गीकरण करायला त्याने सामान्य लोकांना बोलावले. हॅनीला एका आकाशगंगेशेजारी एक विचित्र ठिपका दिसला. हे काय आहे, असे तिने विचारले. खगोलशास्त्रज्ञांनाही सांगता येईना. पुढे उलगडले की तो वायूचा प्रचंड ढग आहे आणि शेजारच्या आकाशगंगेतला क्वेझार मंदावल्यावरही त्याचा जुना प्रकाश त्या ढगाला उजळवतो आहे. आज तो ढग तिच्या नावाने ओळखला जातो. तसे उपक्रम ‘झूनिव्हर्स’वर अजून चालू आहेत आणि तिथली छायाचित्रे खरी आहेत, सरावाची नव्हेत. बारा वर्षांच्या मुलीने आईशेजारी बसून ती पाहावीत.

लहानांसाठी मात्र पडद्यापेक्षा हात मोठा. अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीतल्या काड्या जोडून भूमितीचे आकार उभे केले, पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली. त्यांच्या कृती, चित्रफिती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके त्यांनी कुणालाही मोफत घ्यायला ठेवली आहेत. सामान घरच्या कचऱ्यातच मिळते.

रागांचे शास्त्र शिकू पाहणाऱ्या बाबांना विष्णू नारायण भातखंडे सुचवू. मुंबईतला हा वकील देशभर हिंडला, उस्तादांकडून चिजा मिळवल्या, आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ त्याने मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिली. शिष्य अडतो, शंका काढतो, गुरू थांबून समजावतो. भातखंड्यांची पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात. जोडीला राजन पर्रीकर यांचा रागसंग्रह ऐकावा. एकेका रागावरचे विवेचन आणि त्यातच जुन्या-नव्या गायकांचे तुकडे, त्यामुळे वाचलेले लगेच कानावर पडते.

आणि हे सर्व करताना उशाशी मराठी विश्वकोश असू द्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत आरंभलेल्या या कोशाचा पहिला खंड 1976 साली निघाला. आज त्याचे वीस खंड मोफत वाचता येतात. इंग्रजीत शिकलेली गोष्ट त्यातल्या नोंदीशी ताडून पाहिली की किती समजले आणि किती नुसते ऐकले, ते कळते.

एक उणीव आम्हाला बोचते, ती सांगतो. डच ग्रंथालयांनी आपली जुनी वर्तमानपत्रे, पुस्तके कोट्यवधी पानांनी खुली केली. मराठीत 1909 च्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंकांची परंपरा आहे. विज्ञान, प्रवास, संगीत, शिल्प यांवरचे केवढे लेखन त्यांत पडून आहे आणि त्यातले फार थोडे घरबसल्या वाचता येते. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांचे होते, युरोपात सत्तर. या डिसेंबरात पुण्याला, कोल्हापूरला, मडगावला जाल तेव्हा माळ्यावरची ट्रंक उघडा. मुदत उलटलेले एखादे जुने विज्ञानाचे किंवा कलेचे मराठी पुस्तक सापडले तर मोबाइलवर नीट उजेडात पाने टिपा. मराठी विकिस्रोतावर ते चढवायला आणि अक्षरे तपासायला आमच्यापैकी काहीजण जानेवारीत दर शनिवारी दुपारी बसणार आहोत. मुलांनाही आणा, मुद्रितशोधन त्यांना जमते. पुस्तकाचे नाव आणि लेखकाचे मृत्युवर्ष आधी कळवलेत तर तेच पुस्तक दोनदा व्हायचे नाही.



— संपादक