जगात जर्मनी, भारतात परभणी... पण निघायचं कसं?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. पुण्यातल्या रूमवर कुणी गावाची टिंगल केली की आपण हेच तोंडावर फेकतो आणि विषय संपवतो. पण जर्मनीचं आणि आपलं खरंच काही जुळतं का, हे कधी शोधलंय? मी शोधलं. कारखाने, गाड्या, रस्ते यात तर काहीच जुळत नाही. जुळतं ते भलत्याच ठिकाणी, घर सोडून निघण्याच्या रीतीत.

जर्मनीत सुतारकाम, छपराचं काम, दगडकाम असले हुन्नर शिकणारी काही पोरं उमेदवारी संपली की लगेच नोकरीला लागत नाहीत. ती भटकायला निघतात. या प्रथेला तिकडं ‘वाल्झ’ म्हणतात आणि ती कित्येक शतकं जुनी आहे. आता पोरीही निघतात. मुदत ठरलेली : तीन वर्षं आणि वर एक दिवस. अटी ऐका. वय तिशीच्या आत हवं. लग्न झालेलं नको, मूलबाळ नको, डोक्यावर कर्ज नको. प्रवासाला आणि मुक्कामाला पैसे मोजायचे नाहीत, चालायचं नाहीतर रस्त्यावर हात करून कुणाच्या गाडीत बसायचं. जवळ मोबाइल ठेवायचा नाही. गावोगाव काम करायचं, नवीन उस्तादाकडून नवीन काही शिकायचं आणि पुढं जायचं. निघताना खिशात ५ युरो असतात, परत येतानाही ५ युरोच असावेत. म्हणजे प्रवासात ना उधळपट्टी करायची, ना कमाई साठवायची.

पोशाखही ठरलेला. काळे कपडे, मोठी टोपी, हातात वाकडीतिकडी काठी. आतल्या जाकिटाला आठ बटणं, कारण दिवसाचं काम आठ तास. वरच्या कोटाला सहा, कारण आठवड्याचे कामाचे दिवस सहा. कानात बाळी. पूर्वी वाटेतच कुणी मेला तर त्या सोन्यावर त्याची माती व्हावी, हा हिशेब. आणि कुणी लबाडी केली तर ती बाळी कानातून ओढून काढत, असंही सांगतात. तिकडं लबाड माणसाला आजही ‘फाटक्या कानाचा’ अशा अर्थाचा शब्द आहे.

सगळ्यात भारी अट मात्र वेगळीच आहे. या मुदतीत घरापासून ५० किलोमीटरच्या आत यायचं नाही. जरा नकाशा काढा आणि परभणीभोवती ५० किलोमीटरचं वर्तुळ मारा. गंगाखेड आत, जिंतूर आत, सेलू, पाथरी, पूर्णा, सोनपेठ सगळं आत. नांदेड जेमतेम बाहेर. आपल्यातल्या कितीतरी जणांचं आत्तापर्यंतचं सगळं आयुष्य या वर्तुळात गेलंय. यात कमीपणा काहीच नाही. पण एक दिवस या वर्तुळाबाहेर जावं लागणार आहे, आणि कसं जायचं हे आपल्याला कुणीच शिकवत नाही.

आपल्याकडची रीत काय? रात्रीची ट्रॅव्हल्स. आईनं फडक्यात बांधून दिलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी, एक बॅग, एक गादी. सकाळी डोळे उघडले की पुणं. कुणी स्पर्धा परीक्षेला, कुणी कंपनीत, कुणी ‘बघू काहीतरी’ म्हणून. घर आणि परकं शहर यांच्या मधलं सगळं अंतर आपण झोपेत पार करतो. मग पहिल्याच आठवड्यात घरमालक विचारतो, “मराठवाड्यातले का?” आणि पोटात गोळा येतो. मलाही आला होता. तेव्हा मला कळलं की मला गणित येतं, थोडं इंग्रजी येतं, पण परकं म्हणून कसं राहायचं ते येत नाही.

म्हणून जगातल्या या विचित्र वाटणाऱ्या प्रवासांकडं मी आता गंमत म्हणून बघत नाही. परकं कसं व्हायचं, हे शिकवण्यासाठीच माणसांनी हे सगळे नियम केलेत असं मला वाटतं.

नर्मदा परिक्रमा घ्या. आपली कितीतरी मराठी माणसं ती करतात. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि कुठंही तिचं पात्र ओलांडायचं नाही. एका काठानं मुखाकडं जायचं आणि दुसऱ्या काठानं परत यायचं. जुन्या रीतीनं याला तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात, कारण पावसाळ्याचे चार महिने एका जागी थांबायचं असतं. जर्मन सुताराचे तीन वर्षं एक दिवस आणि आपल्या परिक्रमावाशाचे हे दिवस शेजारी ठेवून बघा. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नाही. पण दोघांनाही हे ठाऊक आहे की सामान कमी असावं, संग्रह करू नये आणि संध्याकाळी अनोळखी दारात उभं राहून काही मागायची लाज वाटू नये.

जपानात शिकोकू नावाचं बेट आहे. तिथं ८८ मंदिरांची यात्रा करतात, चालत सुमारे १२०० किलोमीटर. यात्रेकरू पांढरे कपडे घालतो आणि हातात काठी घेतो. त्या काठीवर ‘दोघं सोबत’ अशा अर्थाचे शब्द लिहिलेले असतात. एकटा चालणाराही एकटा नसतो, ज्यांच्या नावानं ही यात्रा चालते ते कोबो दाइशी त्याच्या सोबत असतात, अशी श्रद्धा. पण मला जास्त आवडली ती तिथल्या गावकऱ्यांची रीत. ते वाटसरूला फळं, चहा, खाऊ, कधी चिल्लर असं काहीतरी देतात. आणि घेणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही, असा संकेत आहे. तो आपल्या नावाची एक चिठ्ठी बदल्यात देतो आणि पुढं चालू लागतो.

ओळखीचं वाटलं ना? वाटणारच. दरवर्षी आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. सातशे किलोमीटरहून लांबची, महिनाभराची पायी वाट, आणि ती आपल्या जिल्ह्यातून जाते. परभणी, दैठणा, गंगाखेड करत पुढं परळीकडं. पांढऱ्या कपड्यातल्या त्या रांगा, खांद्यावर पताका, टाळांचा एकच ठेका. वाटेवरची घरं त्या दिवशी चूल विझू देत नाहीत. कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी पाय चेपून देतं. इथंही नाही म्हणायचं नसतं. आणि अनोळखी माणसाला हाक कोणती मारायची? ‘माउली’. जगातल्या कुठल्या प्रवासात परक्याला आई म्हणतात, मला सांगा.

आणि आपण काय करतो? रस्त्याच्या कडेला उभं राहून रील काढतो. पालखी पुढं जाते, आपण घरी जातो. फोटोवर लाइक येतात.

मी कुणाला धार्मिक व्हा म्हणत नाही. श्रद्धा असेल त्यानं श्रद्धेनं चालावं, नसेल त्यानं नुसतं चालावं. स्पेनमध्ये सांतियागोची जुनी ख्रिस्ती यात्रा आहे. तिथं शेवटचे किमान १०० किलोमीटर पायी गेलात तर प्रमाणपत्र देतात आणि देवावर विश्वास नसलेली माणसंही आनंदानं तिथं चालतात. आपल्याला तर विमानाचं तिकीटही लागत नाही. वाट दारातूनच जाते. फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला लांबून येणारी माणसं बघा. या गावाला पाहुणा नवीन नाही. आपलंच लक्ष नसतं.

“पण आमच्याकडं पैसे नाहीत,” असं कुणी म्हणेल. अहो, या सगळ्या रीती तशा माणसांसाठीच तर तयार झाल्या. पैसे असणाऱ्याला हॉटेल आहे, नियम कशाला लागतात? “घरचे मुलीला पाठवत नाहीत,” हे दुसरं. ही अडचण खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण वारीत बायका डोक्यावर तुळस घेऊन शेकडो किलोमीटर चालतात आणि त्याच घरात नातीला कॉलेजच्या ट्रिपला जाऊ देत नाहीत, हे कोडं मला सुटलेलं नाही. पालकांशी बोलताना एवढं तरी विचारा.

आता एक कडू गोष्ट. प्रवासाबद्दल एवढं गोड बोलताना ती विसरून चालणार नाही. आपल्याच जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे कितीतरी घरांना कुलूप लागतं. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि ट्रॅक्टरवर संसार चढवून ऊसतोडीला निघतात. पाच-सहा महिने कारखान्याच्या भोवती पालात राहतात. त्यांनाही घर सोडायचं असतं, पण ते सुटतं कर्जापायी. जर्मन पोराला निघण्याआधी ‘डोक्यावर कर्ज नको’ ही अट असते, आणि आपल्याकडं कर्ज आहे म्हणूनच निघावं लागतं. तुमच्या वर्गात अशा घरातलं कुणीतरी नक्की आहे. ज्याला आपण आळशी समजतो, त्याची निम्मी शाळा कदाचित उसाच्या फडात गेली असेल. त्याला एकदा विचारा, “तुझा प्रवास कसा होता?” मनालीच्या कुठल्याही व्हिडिओत नसेल एवढं ऐकायला मिळेल.

गंगाखेडची जनाबाई आठवा. लहानपणीच घरातून सुटली, पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला राहिली. तोही हौसेचा प्रवास नव्हता. आणि ते नामदेव पुढं चालत कुठवर गेले? थेट पंजाबात. त्यांची ६१ पदं शीख धर्मीयांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. पंजाबातल्या ज्या घुमानला ते राहिले, तिथं २०१५ साली आपलं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. परक्या मुलखात जाऊन ते तिथले झाले, ते तिथल्या माणसांनी दार उघडलं म्हणून.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. येत्या आषाढीला पालखी आली की परभणी ते गंगाखेड चालून बघा. साधारण चाळीस किलोमीटर, मध्ये दैठणा. नियम स्वतःच ठरवा : खिशात जेमतेम पैसे, मोबाइल पिशवीच्या तळाशी, कुणी दिलेलं नाकारायचं नाही आणि रोज एका तरी अनोळखी माणसाचं पूर्ण ऐकून घ्यायचं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांनी मनावर घेतलं तर पंचवीस-तीस पोरापोरींची एक तुकडीही निघू शकते. आणि ज्यांना चालणं जमणार नाही, त्यांनी कडेला उभं राहून पाण्याचा ग्लास तरी पुढं करावा. पाहुणा होणं आणि यजमान होणं, दोन्ही एकाच शाळेत शिकायला मिळतं.

जर्मन पोरगा निघताना आपल्या गावाच्या पाटीवर चढतो आणि पलीकडं उडी मारतो. त्या पाटीजवळ दारूची एक बाटली पुरून ठेवतो, तीन वर्षांनी परत आल्यावर उकरायला. आपल्याला बाटली नको. धपाटे पुरता येत नाहीत, एवढीच अडचण आहे. पण रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गावाची पाटी झोपेत ओलांडण्याआधी एकदा ती पायी ओलांडून बघा. मग पुण्यात कुणी विचारलं, “मराठवाड्यातले का?” तर पोटात गोळा येणार नाही. उलट तुम्हीच विचाराल, “हो, आणि तुम्ही कुठले? चला, चहा घेऊ.”