सोवळ्यातले प्रशिक्षक

ऑगस्ट सरता सरता अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. लंबगोल चेंडू छातीशी धरून समोरच्या फळीवर तुटून पडायचा हा खेळ. याच महिन्याच्या १६ तारखेला, १८६२ साली, या खेळाचे प्रशिक्षक एमॉस अलोंझो स्टॅग न्यू जर्सीत जन्मले. १ जुलै २०२५ पासून अमेरिकी महाविद्यालयांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आणि जुन्या निष्कलंक काळाच्या नावाने उसासे सुरू झाले. अशा वेळी स्टॅग यांची कारकीर्द नीट पाहावी.

येलमध्ये धर्मशास्त्र शिकलेल्या, व्यावसायिक बेसबॉलची बोलावणी नाकारलेल्या या तरुणाला अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १८९२ मध्ये आपल्या नव्या शिकागो विद्यापीठात आणले, तेही थेट प्राध्यापकवर्गात. पगार संस्थेचा, नोकरी कायमची. हरलो तर हकालपट्टी ही टांगती तलवार नाही. आमच्या मते स्टॅग यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच. चेंडू पुढे फेकण्याला १९०६ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्याचे डावपेच रचणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते, पण ती कर्तबगारी इतरांच्याही नावावर आहे.

मात्र हे सोवळे पुरते कडक नव्हते. १९०५ मध्ये शिकागोने मिशिगनला २-० असे हरवून त्यांची ५६ सामन्यांची अपराजित घोडदौड थांबवली. त्याच सुमारास ‘कॉलियर्स’ साप्ताहिकातल्या लेखमालेने विजय विकत घेणाऱ्या विद्यापीठांचे वाभाडे काढले, आणि त्यात शिकागोही होते. फुटबॉलला पैसा आणि प्रतिष्ठा मिळवून देणारे यंत्र जुळवण्यात या धर्मशील प्राध्यापकाचा हात मोठा होता.

स्टॅग यांनी सत्तरी गाठताच विद्यापीठाने निवृत्तीचा नियम दाखवला. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना या खेळाचे प्रेम नव्हते. १९३९ मध्ये त्यांनी शिकागोचा फुटबॉल संघच बंद केला. स्टॅग यांच्या नावाच्या मैदानात, ओस पडलेल्या प्रेक्षागाराखाली, २ डिसेंबर १९४२ रोजी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडली. स्टॅग तोवर कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकच्या मुलांना घडवत होते. १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते देशातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. १९४६ नंतर तिथूनही बाहेर पडावे लागले, तेव्हा पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीने पुन्हा मैदानावर उभे राहिले. नव्वदी उलटली तरी शिकवणे चालूच होते. १९६५ मध्ये, १०२ व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या ३१४ विजयांचा विक्रम १९८१ पर्यंत टिकला.

आज अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे कोणत्या तरी विद्यापीठाचा प्रशिक्षक. करार कोट्यवधी डॉलरचे, आणि दोन हंगाम वाईट गेले की तेवढीच भरपाई देऊन हाकलायचे. या बाजारातल्या बलाढ्य ‘बिग टेन’ या विद्यापीठगटाचा विजेता स्टॅग यांच्या नावाचा करंडक उंचावतो. जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास बंदी आहे, त्या तिसऱ्या श्रेणीचा अंतिम सामनाही ‘स्टॅग बोल’ म्हणूनच ओळखला जातो. दोन्हीकडे त्यांचे नाव लावणाऱ्यांचे काही चुकले, असे आम्हाला वाटत नाही.