दोष शोधण्याचीही पद्धत असते

संगणक बिघडला की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. नशिबाला बोल लावतो, नाहीतर दुकानदारापुढे हात जोडतो. तिसराही मार्ग आहे आणि तो कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही जमतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. हे मत पुस्तकातून आलेले नाही. त्याची किंमत घरच्या धानाच्या पैशांतून मोजलेली आहे.

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटके रंगतात. मी व माझे दोन मित्र त्यांचे चित्रीकरण करून देतो. पुढचे काम घरच्या जुन्या डेस्कटॉपवर चाले आणि एक चित्रफीत तयार व्हायला अख्खी रात्र जाई. ग्राफिक्स कार्ड लावले तर हे काम लवकर उरकते, असे कळले. प्रोसेसर म्हणजे कोणतेही काम करणारा हुशार, पण एकटादुकटा गडी. कार्डात मात्र शेकडो लहान गणक एकाच वेळी एकसारखे काम करतात, बांधीत ओळीने रोवणी करणाऱ्या बायांसारखे.

धान विकल्यावर बाबांनी पैसे दिले. वापरलेले कार्ड आणले, बसवले, बटण दाबले. पंखे फिरले, पण पडदा काळाच. आई म्हणाली, “पैसे पान्यात गेले का गा?” एका दुकानदाराने तर डबा न उघडताच निदान केले, “मदरबोर्ड गेला. साडेचार हजार लागतील.” मी काय शिकतो हे ऐकल्यावर तो हसला, “आर्ट्सवाल्याचं हे काम नाही.”

घरी येऊन गप्प बसलो होतो. चौथी शिकलेले बाबा म्हणाले, “मोटार बंद पडली त पयले मोटारच खोलतो का आपुन?” खरेच, शेतातला पंप बंद पडला की बाबा आधी लाईन पाहतात, मग फ्यूज, मग स्टार्टर आणि सर्वांत शेवटी मोटार. सोपे आधी, खर्चाचे नंतर. एका वेळी एकच गोष्ट.

मी वही घेतली. प्लग काढला, लोखंडी डब्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि कामाला लागलो. मॉनिटरची तार मदरबोर्डाला होती, ती कार्डाला जोडली. पडदा काळाच. कार्ड काढून तार परत जुन्या जागी लावली, तर चित्र आले. म्हणजे मदरबोर्ड जिवंत होता! साडेचार हजार तिथेच वाचले. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसून ते पुन्हा घट्ट बसवले. फरक नाही. मग तेच कार्ड मित्राच्या संगणकात लावले, तर छान चालले. तिथे कार्डाच्या टोकाशी सहा पिनांची एक वेगळी तार जोडावी लागली. आमच्या डब्यात ती तारच नव्हती.

कार्डाच्या खाचेतून फार तर ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची तार आणखी ७५ देते. आमच्या कार्डाला १२० हवे होते. हार्डडिस्कच्या तारेवरून जोड देणारी स्वस्त तार बाजारात मिळते, पण आधी मी वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवरची चिठ्ठी वाचली. मोठ्या अक्षरांत ४५०. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टला १४ अँपिअर. गुणाकार केला, १६८ वॅट. प्रोसेसरचे ६५ आणि कार्डाचे १२० मिळून १८५ होतात. दोष ना मदरबोर्डाचा होता, ना कार्डाचा. नागपूरहून अठराशे रुपयांचा चांगला एसएमपीएस आणला (जुना उघडून पाहिला नाही, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते) आणि पडद्यावर चित्र उमटले.

या सगळ्यात विज्ञान शाखेचे असे काय लागले? एक वही, एक खोडरबर आणि सातवीतला गुणाकार. अडचण होती ती भीतीची, आणि भाषेची. या विषयावरची बहुतेक माहिती इंग्रजीत. ती मी शब्दकोश घेऊन वाचली. ज्याच्या घरात आधी कुणी महाविद्यालय पाहिलेले नाही, तो अशा वेळी सहज मान खाली घालतो आणि सांगतील तेवढे पैसे मोजतो. म्हणून सुचवावेसे वाटते की, महाविद्यालयात एखादा निकामी संगणक असेल तर तो कला शाखेच्या मुलांनाही उघडू द्यावा. बिघाड कसा शोधला, याची मराठीत नोंदवही ठेवावी. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती उपयोगी पडेल.

एसएमपीएसवरची मोठी अक्षरे खोटी निघाली, बारीक अक्षरे खरी. तेव्हापासून ‘आर्ट्सवाला’ ही माझ्यावरची चिठ्ठीही मी फारशी मनावर घेत नाही. आमच्या घरात पदवी नव्हती, हे खरे. पद्धत मात्र होती. ती मला उशिरा दिसली, एवढेच.

— बी. ए. द्वितीय वर्ष