शापवचन: रक्षण कोणाचे आणि कोणापासून?

१/ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला भूमिकाखेळ. फाशांइतकाच तो नियमांच्या वाचनावर चालतो. त्यात दुष्टांपासून रक्षण करणारा एक मंत्र आहे. मंत्राचे नाव व्यापक, परंतु २०१४ च्या आवृत्तीतील नियम केवळ सहा प्रकारच्या अमानवी जीवांचा उल्लेख करतो. सैतानाचा वार त्यामुळे दुबळा पडतो. दुष्ट माणसाचा वार मात्र पूर्वीसारखाच बसतो.

२/ नावावर न जाता कलम वाचावे, हा खेळाडूंचा धडा शिलालेख वाचणाऱ्यांनाही उपयोगी आहे. मध्ययुगीन दानलेखांच्या अखेरीस येणारी शापवचने ही रक्षणाची कलमेच होत. ‘त्या काळची अंधश्रद्धा’ असे म्हणून ती ओलांडून जाणे ही वाचनातली हयगय आहे.

३/ बीड जिल्ह्यातील आंबेजोगाई हे यादवकाळातले महत्त्वाचे स्थान. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचे लेख येथे आहेत. त्याची कन्या लक्ष्मी हिने युद्धात पडलेल्या राम या भावाच्या स्मरणार्थ देवालय उभारले, असे शके ११६२ (इ.स. १२४०) चा लेख सांगतो.

४/ देवालय एकदा बांधून होते. दिवा मात्र रोज लावावा लागतो. त्यासाठी जमिनीचे उत्पन्न लागते. दाता गेल्यावर, त्याचा वंश खुंटल्यावर, राज्य पालटल्यावर ती जमीन कोण राखणार? शापवचन या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

५/ आता कलम पाहू. ताम्रपटांत वारंवार येणाऱ्या एका वचनाचा आशय असा: स्वतः दिलेली असो वा दुसऱ्याने दिलेली, दान दिलेली भूमी जो हरण करील तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल. ‘स्वतः दिलेली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. येथे दाताही अपवाद नाही.

६/ दुसऱ्या वचनात भूमी हिरावून घेणाऱ्याच्या जोडीला ‘अनुमन्ता’, म्हणजे त्याला संमती देणारा, उभा केला आहे. दोघांनाही तोच नरक आणि तितकीच वर्षे. तिसऱ्यात दाता भावी राजांना विनवतो: ते आपल्या वंशातले असोत वा परक्या, हा धर्मसेतू सर्वांनी राखावा.

७/ म्हणजे हा शाप मुख्यतः भुरट्या चोरासाठी नाही. चोराला दंड करायला राजा होता. राजाच जमीन काढून घेऊ लागला तर त्याला दंड कोणी करावा? जेथे राजदंड पोहोचत नव्हता, तेथपासून शापाचे क्षेत्र सुरू होत होते.

८/ राज्यकर्त्यांचा धर्म बदलला तेव्हा कलमाची भाषाही बदलली. पुढील मराठी कागदपत्रांत हिंदूला गाईची आणि मुसलमानाला डुकराची शपथ घातलेली आढळते. ज्याला जे निषिद्ध, त्याला त्याचाच धाक. लिहिणाऱ्यांना व्याप्तीचे नेमके भान होते, याचा हा पुरावा.

९/ तथापि या कलमांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गद्धेगाळीचा दगड पाहावा. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर दान अबाधित. खाली स्त्री आणि गाढव. गुन्हा दान मोडणाऱ्याचा, विटंबना मात्र त्याच्या आईची. जमिनीच्या रक्षणासाठी जिचा काहीही अपराध नाही अशा स्त्रीची अब्रू तारण ठेवली जाई. या कवचाबाहेर कोण राहिले, हेही वाचलेच पाहिजे.

१०/ शापाने दाने टिकली का? सर्वच टिकली नाहीत. परंतु कायदा मोडला जातो म्हणून कोणी कायद्याला निरर्थक म्हणत नाही. कोणत्या कृत्याला अन्याय मानायचे, हे शापवचनाने दगडावर नोंदवून ठेवले.

११/ हा प्रश्न संपलेला नाही. निजामी राजवट गेल्यावर १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने धार्मिक व धर्मादाय संस्थांच्या इनामांना वेगळे ठेवले. तरीही देवस्थान आणि वक्फ जमिनींच्या बेकायदा हस्तांतराची प्रकरणे बीड जिल्ह्यात पोलिसांपर्यंत गेली आहेत.

१२/ अशी जमीन एकट्या खरेदीदाराच्या बळावर हलत नाही. कोणी अर्ज पुढे सरकवतो, कोणी फेरफार मंजूर करतो, कोणी पाहून न पाहिल्यासारखे करतो. शापातला नरक आज कोणाला भिववणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मात्र ‘अनुमन्ता’ हा शब्द तपास करणाऱ्यांनी जरूर उचलावा. हिरावणाऱ्याइतकाच संमती देणाराही दोषी, एवढे त्या जुन्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे.