कानस कुठं थांबवायची

आमच्या गावात सध्या दोन पंथ आहेत. एक म्हणतो, इंजिनाला घरी हात लावू नका. दुसरा म्हणतो, ग्राइंडर मिळालाय ना, मग घासत सुटा. पारावर दोघांची रोज जुंपते. गंमत अशी, की दोघांचा रोग एकच आहे. इंजिनाच्या हेडच्या आत काय चालतं, हे दोघांनाही जाणून घ्यायचं नाही.

निमित्त झालं पुतण्याच्या मोटारसायकलचं. शंभर सीसीची साधी गाडी. रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून डेअरी गाठायची. चढाला तिला दम लागायला लागला. शोरूमला नेली, तर तिथल्या साहेबांनी सांगितलं, "हेड गेलंय, नवीन टाका." आकडा दोन महिन्यांच्या दुधाच्या बिलाएवढा. "उघडून दाखवा की," म्हटल्यावर त्यांनी 'आत येऊ नये' या पाटीकडं बोट केलं. पोरगं घरी आलं ते गप्पच. संध्याकाळी दोस्तमंडळी जमली. त्यांचं औषध तयार होतं. "पोर्ट मोठं करू, आतनं आरशागत चमकवू. मोबाईलवर बघितलंय, गाडी नुसती पळंल." एकानं ग्राइंडर आणलासुद्धा.

"तात्या, लावू का?" पुतण्यानं विचारलं.

मी आत गेलो आणि माळ्यावरनं एक बिडाचा तुकडा काढून आणला. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही.

१९८६ चा उन्हाळा. आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं, पाण्यानं गार होणारं डिझेल इंजिन होतं. त्याच्यावर दीड एकर ऊस. मी नुकताच तालुक्याच्या एका गॅरेजात चार महिने हात काळे करून आलो होतो आणि स्वतःला मेस्त्री समजत होतो. तिथं कुणीतरी सांगितलेलं, की हेडमधली हवेची वाट गुळगुळीत आणि मोठी केली की इंजिन डिझेल कमी पितं. आबा कोल्हापूरला गेले होते. मी हेड उतरवलं, मागून आणलेल्या ड्रिलला घासायचा दगड लावला आणि दिवसभर ती वाट कोरत बसलो. आतलं वाकडं वळण मला ओतणाऱ्याची चूक वाटली. ते मी सरळ केलं.

इंजिन सुरू झालं आणि काळा धूर ओकायला लागलं. ते वाकडं वळण चूक नव्हतंच. आत जाणाऱ्या हवेला भोवरा मिळावा, डिझेल तिच्यात नीट मिसळावं, म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. मी भोवरा मारला. तिसऱ्या दिवशी घासून पातळ केलेली भिंत तडकली. तिच्या पलीकडं पाण्याची पोकळी होती. पाणी वाटेत आलं, वाटेतनं सिलिंडरमध्ये गेलं आणि इंजिन बंद पडलं.

अकरा दिवस उसाला पाणी नव्हतं. आबा मला एक शब्द बोलले नाहीत. रोज सकाळी बांधावर जाऊन उसाच्या पानांच्या झालेल्या सुरळ्या बघायचे आणि परत यायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हेड घेऊन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी ते हातात घेतलं, आत बोट फिरवलं आणि विचारलं, "किती जाड हुतं, बघितलं हुतंस काय रं?" मी मान खाली घातली. त्यांनी ते व्हाइसमध्ये धरलं आणि करवतीनं मधोमध कापायला लावलं मलाच. बीड कापताना दोन पाती मोडली. मग उघडी पडलेली भिंत दाखवली. एकीकडं बोटाएवढी, दुसरीकडं नखाएवढी. म्हणाले, "घासाय कुणीबी शिकतंय. कानस कुठं थांबवायची, ती इद्या." तोच अर्धा तुकडा मी माळ्यावरनं काढला होता. पोरांच्या हातात तो फिरला आणि ग्राइंडर आपोआप पिशवीत गेला.

आता पहिल्या पंथाला वाटेल, बघा, आम्ही म्हणत होतो, घरी हात लावू नका! नाही साहेब. मी हेड उघडलं म्हणून बिघडलं नाही. न समजता घासलं म्हणून बिघडलं. पुतण्याच्या गाडीचं हेड आम्ही त्याच आठवड्यात, घरच्या ओट्यावर, पोतं अंथरून उघडलं. साखळीच्या चक्राची टायमिंगची खूण आधी त्यानं वहीत काढून घेतली. आत बघतो तर व्हॉल्व्हवर काजळीची पुटं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक खड्डे पडलेली. पोर्टमध्ये रॉकेल ओतलं, तर व्हॉल्व्हच्या कडेनं टिपटिप गळायला लागलं. दम कुठं जात होता, ते पोराला डोळ्यांनी दिसलं.

मग काम केलं ते एवढंच. काजळी लाकडाच्या चिपेनं खरवडली, लोखंडानं नाही. ॲल्युमिनियम मऊ असतं, ओरखडे धरतं. व्हॉल्व्हला पेस्ट लावून, टोकाला रबरी वाटी असलेली काठी दोन्ही तळव्यांत धरून ताकाची रवी फिरवावी तशी फिरवली, मधेमधे उचलून. चारी बाजूंनी सारखं राखाडी कडं उमटलं तसं थांबलो. कार्बोरेटरकडून येणाऱ्या नळीचं तोंड आणि हेडचं तोंड जुळत नव्हतं, अर्ध्या मिलिमीटरची पायरी होती. गॅस्केट ठेवून सुईनं रेघ मारली आणि रेघेपर्यंतच कानस चालवली. कानशीला खडू चोळला, म्हणजे तिच्या दातांत ॲल्युमिनियम भरत नाही. ओतकामाची एक धार वाटेत आली होती, ती मोडली. धूर जायची वाट बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत केली, म्हणजे काजळी लवकर धरत नाही. हवा यायची वाट मात्र चमकवली नाही. मोठी तर अजिबात केली नाही. शेवटी रॉकेलनं आणि मग साबणाच्या पाण्यानं हेड धुतलं, कारण पेस्टचा कण आत राहिला तर तो गाइडच खाऊन टाकतो. पुन्हा रॉकेल ओतून बघितलं. थेंब पडला नाही.

मोठी का केली नाही? पाटाचं पाणी बघा. पाट अरुंद असतो तेव्हा पाणी धावतं. तोच दुप्पट रुंद करा, तेवढंच पाणी रांगत जातं. हवेचंही तसंच. शर्यतीतलं इंजिन सतत जोरात फिरतं, त्याला रुंद वाट लागते. दुधाचे कॅन घेऊन सावकाश चढ चढणाऱ्या गाडीची हवा त्या रुंद वाटेत मंदावते आणि ओढच जाते. मोबाईलवरचा मनुष्य शर्यतीसाठी घासत असतो. आमची पोरं दुधाच्या गाडीवर तेच करतात, आणि बिघडलं की शोरूमचा साहेब हसतो.

एक तिसरा पंथही आहे. तो शहरातनं येतो. आमच्या ओट्यावरचं काम बघून तो फोटो काढतो आणि म्हणतो, "वा, काय जुगाड!" त्यांना माझा सर्वांत जास्त राग येतो. रेघ मारून, मोजून, तपासून केलेलं काम शहराच्या कारखान्यात झालं की तंत्रज्ञान, आणि आमच्या ओट्यावर झालं की जुगाड? लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईला गेले, रंगांची नीट पारख होईना म्हणून यांत्रिक रेखाटनाकडं वळले, आणि १८८८ मध्ये बेळगावात त्यांचं सायकलींचं दुकान निघालं. पुढं लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी. त्या सायकलीच्या दुकानालाही कुणी जुगाड म्हटलं असेल काय?

माझं मागणं फार मोठं नाही. गाड्या विकणाऱ्यांनी 'आत येऊ नये' ही पाटी काढावी आणि जो भाग गेला म्हणतात तो गिऱ्हाइकाला दाखवावा. आमच्या पोरांनी घासायच्या आधी मोजावं. आणि शाळेत, आयटीआयमध्ये, जिथं म्हणून पोरं यंत्राजवळ जातात तिथं, भंगारातलं एक हेड मधोमध कापून टेबलावर ठेवावं. भंगाराच्या भावात मिळतं. माझ्या वेळी कुणी ठेवलं असतं, तर आबांचा ऊस वाळला नसता.

पुतण्याची गाडी आता दोन्ही कॅन घेऊन चढ चढते. बिडाचा तुकडा मी माळ्यावर परत टाकलेला नाही. तो ओट्यावरच असतो. कुणाच्या हातात ग्राइंडर दिसला, की आधी तो त्याच्या हातात देतो.