काचेतल्या समुद्राला यूव्ही दिवा हवा का?

आम्ही बी.कॉम. झालेले आणि उमर कारकुनीत गेलेली. त्यामुळे घरात मोठा खर्च निघाला की भाऊ-वहिनी आम्हाला बोलावतात. गेल्या महिन्यात असेच बोलावणे आले. पुतण्या आता कमावता झाला आहे. त्याने हौसेने बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची ३०० लिटरची काचपेटी मांडली आहे. आत खडक, खडकावर प्रवाळ आणि रंगीत समुद्री मासे. याला 'रीफ टँक' म्हणतात. नवा मासा आणून सोडला आणि दहा-बारा दिवसांत सगळ्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. सहापैकी चार मासे मेले. दुकानदार म्हणाला, "यूव्ही स्टरलायझर बसवा, रोग गेलाच म्हणून समजा." पुतण्या पैसे घेऊन निघालाच होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आधी तुम्ही बघा. पैशाचं जाऊ द्या, पण धाकटी परवा दिवसभर जेवली नाही. पुन्हा मासे मेले तर काय सांगू तिला?"

आम्ही दोन रविवार याच वाचनात घालवले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण ही हौस आता आपल्याही घरांत येऊ लागली आहे.

प्रथम यूव्ही म्हणजे काय ते पाहू. सूर्यप्रकाशात जंतूंची वाढ थांबते, हे डाऊन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी १८७७ साली दाखवले. १९१० साली फ्रान्समधील मार्सेय शहरात अतिनील किरणांनी पिण्याचे पाणी शुद्ध करण्याचा प्रयोग झाला. स्टरलायझरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. त्याचे किरण साधारण २५४ नॅनोमीटर लांबीचे असतात. ते जंतूच्या पेशीत शिरून डीएनए बिघडवतात, म्हणजे जंतूची पुढची पैदास बंद होते. आपल्या स्वयंपाकघरातील पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात असतो, तोच हा दिवा.

मग स्वयंपाकघरात जे चालते ते काचपेटीत का चालू नये? खरी गोम इथेच आहे. घरच्या यंत्रात पाणी दिव्यापुढून एकदा जाते आणि सरळ पेल्यात पडते. प्रत्येक थेंब दिव्यासमोरून गेलेला असतो. काचपेटीत तसे नाही. पंप पाणी ओढतो, दिव्यापुढून नेतो आणि परत त्याच पेटीत सोडतो. शुद्ध आणि अशुद्ध पाणी मिसळत राहते. आम्ही हिशेब मांडला. ३०० लिटरची पेटी, तासाला ३०० लिटर पाणी दिव्यातून जाते असे धरा. एका तासानंतरही साधारण ३७ टक्के पाणी दिव्यापुढून एकदाही गेलेले नसते. दोन तासांनी सुमारे १४ टक्के उरते, तीन तासांनी ५ टक्के. कोणी म्हणेल, पंप जोरात चालवा. पण पाणी जोरात गेले की दिव्यापुढे थांबते कमी, आणि किरणांची मात्राही कमी मिळते. तरंगते हिरवे शेवाळ आणि जंतू थोड्या मात्रेत मरतात. परजीवींना कितीतरी पट जास्त मात्रा लागते. म्हणून त्यांच्यासाठी दिवा मोठा आणि पाणी संथ हवे.

आता त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे वळू. हा रोग क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीमुळे होतो. त्याचे आयुष्य तीन टप्प्यांत जाते. तीन ते सात दिवस तो माशाच्या कातडीत असतो. मग गळून पडतो, खडकाला किंवा वाळूला चिकटतो आणि कवच करून आत पिल्ले वाढवतो. एका कवचातून शेकडो पिल्ले बाहेर पडतात. कवच बहुधा तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटते, क्वचित त्याहून बरेच उशिरा. बाहेर पडलेले पिल्लू पाण्यात पोहत मासा शोधते आणि एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरते. दिव्याच्या तावडीत सापडतो तो फक्त हा शेवटचा टप्पा, आणि त्यातही पंपात ओढली गेलेलीच पिल्ले. रात्री मासा खडकाच्या कपारीत झोपतो, तिथेच कवच फुटले तर पिल्लू दिव्याकडे कशाला जाईल? तेव्हा यूव्हीने रोगाचा जोर कमी होऊ शकतो, पण रोग जात नाही. दुकानदाराचे 'गेलाच' हे खरे नव्हे.

म्हणून दिवा निरुपयोगी आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. पाणी हिरवे झाले असेल तर तो ते चांगले स्वच्छ करतो. रात्री खडक सोडून पाण्यात तरंगणाऱ्या काही जातींच्या तपकिरी चिकट सूक्ष्मजीवांवरही त्याचा उपयोग होतो. 'यूव्हीने उपयोगी जंतूही मरतात' ही भीती मात्र फारशी खरी नाही. माशांची घाण पचवणारे जंतू खडकाला चिकटून असतात, ते दिव्यापर्यंत जातच नाहीत. प्रवाळांना जिवंत सूक्ष्म खाद्य घालाल तेव्हा काही तास दिवा बंद ठेवावा, म्हणजे झाले.

खर्चाची बाजूही पाहावी. २५ वॅटचा दिवा रात्रंदिवस चालला तर महिन्याला १८ युनिट वीज जाते, पंपाची वेगळी. दिवा पाणी थोडे तापवतो. प्रवाळांना २४ ते २७ अंश मानवते, आणि आपल्याकडचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. साधारण ९,००० तासांनी, म्हणजे वर्षभराने, नळी बदलावी लागते. निळा उजेड दिसत राहतो, पण जंतू मारणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि तेच ओसरलेले असतात. भोवतालच्या क्वार्ट्झच्या काचेवर थर चढतो, तो पुसावा लागतो. उघड्या दिव्याकडे कधीही पाहू नये, डोळ्यांना इजा होते. हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. नळीत पारा असतो, ती घरच्या कचऱ्यात टाकू नये.

आमचा निकाल असा. रोग बाहेरून आला, तर आधी दार सांभाळा. २०२० साली आपण सगळे क्वारंटाईन शिकलो, माशांनाही तेच लागू आहे. नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. औषध लागले तर तिथेच द्यावे. या रोगावर तांब्याचे औषध चालते, पण त्याने प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी मरतात. म्हणून ते मुख्य पेटीत कधीच घालू नये. मुख्य पेटी सुमारे अडीच महिने माशांवाचून ठेवावी, म्हणजे कवचातून निघालेली पिल्ले उपाशी मरतात. एवढे केल्यावर पैसे उरले आणि गरज वाटली तर दिवा घ्यावा.

आणखी एक गोष्ट पुतण्याला विचारली, "प्रवाळ कुठून आणले?" आपल्या समुद्रातील खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. मालवणच्या पाण्यातही ते आहेत. ते काढणे, विकणे, घेणे हा गुन्हा आहे. परदेशी प्रवाळांची कागदपत्रे आणि नोंदणी लागते. हौसेपायी समुद्र ओरबाडला जाऊ नये, आणि घरात पोलीसही येऊ नयेत.

पुतण्याने दिव्याचा विचार तूर्त सोडला. त्याच पैशांत वेगळी टाकी, तांबे मोजण्याचा किट आणि तापमापक आला. उरलेले दोन मासे आत आहेत. धाकटीने वही केली आहे: तारीख, तापमान, तांबे, 'आज खाल्ले का'. परवाच्या रकान्यात तिने लिहिले होते, 'थोडे.' काल लिहिले, 'सगळे.' पुढील महिन्याचा हिशेब कळवूच.